भिंतीचा वास

रंग खरवडताना मला वास आला. आला म्हणेपर्यंत गेलासुद्धा. मी स्टुलावर उभी होते, भिंतीतल्या वरून तिसऱ्या ओंडक्यावर आदल्या दिवशी लावलेलं रंग सुटायचं जेल फुगलं होतं, आणि पांढऱ्या रंगाचा एक लांबलचक पापुद्रा अखंड सुटून स्क्रेपरवर आला तेव्हा त्याच्या खालच्या उघड्या लाकडातून काहीतरी माझ्या नाकात शिरलं. थोडं तिखट, थोडं गोडसर, डिंकाच्या जवळपासचं. मी श्वास आत धरून ठेवला. लहानपणी पोहताना धरायचे तसा, कान बंद होईपर्यंत. मग सोडला, पुन्हा घेतला, आणि काही नाही. नुसती गार हवा. मी नाक ओंडक्याला टेकवलं, गाल टेकवला, भिंतीला कान लावून ऐकणाऱ्या शेजारणीसारखी बराच वेळ उभी राहिले. लाकूड खरखरीत होतं, ओलसर होतं, पण त्याला वास नव्हता. वरच्या खोलीत प्रतापची मीटिंग चालू होती आणि तो कुणालातरी ‘लेट्स टेक धिस ऑफलाइन’ असं दर दोन वाक्यांनी समजावत होता. मी स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले.

प्रतापला हाक मारावी असं वाटलं आणि मारली नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं व्हायला नको. शिवाय मी जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली बाई. एकदा दिसली आणि पुन्हा दाखवता आली नाही, ती चूक आम्ही नोंदवत नसू; म्हणणाऱ्याला परत पाठवत असू, पुन्हा करून दाखव म्हणून. आता मीच मला परत पाठवलं. पण त्या दिवशी स्वयंपाक करताना, भांडी लावताना, लेकीशी, उर्वीशी, फोनवर बोलताना मी मधूनच उगाच हुंगत होते. कपाटं हुंगली, टॉवेल हुंगला, लसणीची पाकळी नखाने चिरडून नाकाशी धरली. काही नाही. तीन वर्षांहून जास्त काळ माझ्या नाकाचा उपयोग चष्मा ठेवण्यापुरता होता, आणि मी त्याची सवय करून घेतली आहे, असं सगळ्यांना सांगत होते. सवय झालेली नव्हती हे त्या दुपारी कळलं, आणि ते कळल्याचा मला रागच आला.

वास गेला तो कोविडमध्ये. बाकी सगळं आठवड्यात बरं झालं, सगळ्यांचा वास परत आला, माझा आला नाही. नाकाच्या डॉक्टरीणबाई मोठ्या प्रेमळ होत्या. त्यांनी कुप्यांमध्ये लवंग, लिंबू, गुलाब घालून सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितलं, आणि मी देवाची उपासना करावी तसं ते केलं. निरोप देताना त्या म्हणाल्या होत्या की वास परत येऊ शकतो, पण येताना कधीकधी वाकडा येतो. चांगल्या गोष्टींना घाण वास यायला लागतो, कॉफीला गटाराचा, आंघोळीच्या साबणाला सडक्या मांसाचा, आणि काही जणांना तो तसाच राहतो. मी मान डोलावली होती. तेव्हा मला वाटलं होतं, वाकडा तर वाकडा, येऊ दे. घरात मी नाकाने कांदे सोलणारी म्हणून प्रसिद्ध होते, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नाही. नागपूरला माझ्या आईला मी जिन्यातूनच सांगायची की कुणाकडे आज वरण उतू गेलंय. प्रतापच्या पुण्याच्या माणसांमध्ये सून म्हणून माझं एवढंच एक कौतुक झालं, की फोडणी जळायच्या आत हिला कळतं. तर ते गेलं. जेवण म्हणजे गरम, गार, तिखट, खारट, एवढंच उरलं, आणि त्याचं दुःख लोकांना सांगता येतं. लोक हळहळतात, बिर्याणीचासुद्धा नाही का येत, असं विचारतात.

जे सांगता येत नाही ते वेगळंच. प्रतापला वास येईनासा झाला. म्हणजे मला प्रतापचा. ही काय सांगायची गोष्ट आहे? पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा वास कोण लक्षात ठेवतं? तो असतो, उशीला असतो, गाडीत असतो, कोटाच्या आतल्या बाजूला असतो, आणि नसला की मगच कळतं की आपण डोळे मिटून ज्याला ओळखत होतो तो माणूस त्या वासाचा होता. आता तो शेजारी झोपायचा आणि मला वाटायचं, कुणीतरी काचेपलीकडे झोपलंय. तोच चेहरा, तेच घोरणं, तेच सकाळी उठल्यावर गुडघ्याला नावं ठेवणं. त्याच्यात काही कमी नव्हतं. उलट माझं नाक गेल्यापासून तो जास्तच जपून वागायला लागला होता, आणि हे सगळं मी बघत होते, टीव्हीवर चांगला माणूस दाखवतात तसं. त्याला हे कधी सांगितलं नाही. सांगून काय, बिचारा परफ्यूम लावून आला असता.

मग उर्वी बॉस्टनला गेली, टाउनहाऊस मोठं वाटायला लागलं, आणि आम्ही आमच्याच गावात, पार्सिपनीत, तळ्याच्या बाजूला हे घर घेतलं. पूर्वी इथे न्यूयॉर्कची माणसं उन्हाळ्यापुरती राहायला यायची. त्यांनी बांधलेली एक खोलीची, ओंडके एकावर एक रचून केलेली घरं. नंतरच्या लोकांनी त्यांना इकडून तिकडून खोल्या जोडत नेल्या. त्यामुळे आमच्या घरात एक गंमत झाली आहे. जी एकेकाळी घराची बाहेरची भिंत होती ती आता मधोमध आहे, एका बाजूला बैठकीची खोली आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, आणि तिच्यातली जुनी खिडकी तशीच आहे. बाहेर बघायला केलेली खिडकी आता आतच बघते. मी तिच्यातून प्रतापला चहा देते. आधीच्या मालकांनी ही भिंत बैठकीच्या बाजूने पांढऱ्या रंगाने लिंपून टाकली होती, ओंडके, फटी, फटींमधला चुना, सगळं एका पांढऱ्यात. प्रतापचं म्हणणं होतं की तिच्यावर सरळ ड्रायवॉल, म्हणजे प्लास्टरचे तयार तक्ते, ठोकावेत, गुळगुळीत करून टाकावं, एवढ्या फटीत धूळ कोण पुसणार. मी म्हटलं, मी पुसीन. नुकतीच नोकरी सोडली होती. हाताला काही काम हवं होतं ज्याला कीबोर्ड नाही.

रंगात शिसं नाही ना ते तपासून घेतलं, यूट्यूबवर चार दाढीवाल्यांचं ऐकलं आणि सुरुवात केली. जेल लावायचं, वर प्लास्टिक चिकटवून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सोलायचं. सपाट भिंतीला सोपं असेल. ओंडका गोल असतो, त्याला गाठी असतात, कुऱ्हाडीच्या खुणा असतात, आणि रंग नेमका तिथेच घट्ट धरून बसतो. तिथे दात घासायचा ब्रश चालवावा लागतो. दिवसाला हातभर भिंत व्हायची. मला कुणी विचारलं असतं की या वयात सुख म्हणजे काय, तर मी सांगितलं असतं, हातभर भिंत. विचारलं कुणी नाही. सकाळी प्रताप वर जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला की मी जुना कुडता चढवून, डोक्याला रुमाल बांधून खाली उतरायची, आणि पांढऱ्याखालून पिवळट-तपकिरी लाकूड निघायला लागलं की वेळेचं भान जायचं. मी गुणगुणायला लागले होते, हे मला प्रतापने सांगितल्यावर कळलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बॅकग्राउंडला तुझं भजन येतं, म्हणाला. बंद करू का, विचारलं तर म्हणाला, मुळीच नको, क्लायंटला वाटतं आमच्याकडे शांती आहे.

लाकडाशी माझं नातं आहे, पण ते इतक्या वर्षांत मी विसरले होते. बाबा फॉरेस्ट खात्यात होते आणि माझ्या लहानपणीची काही वर्षं ते बल्लारशाच्या लाकूड डेपोवर होते. आमच्या क्वार्टरच्या दारापासून सागाच्या ओंडक्यांच्या रांगा सुरू व्हायच्या त्या नजर पोचेल तिथपर्यंत, आणि प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर खात्याच्या हातोड्याचा ठसा. शाळेतून आल्यावर मी त्यांच्यावरून उड्या मारत घरी यायची. बाबांना ओरडायचं असायचं, पण त्यांच्या हाताखालचे सगळे बघत असायचे म्हणून ते नुसते घसा खाकरायचे. उन्हात तापलेल्या सागाचा एक वास असतो, नव्या चपलेच्या जवळ जाणारा, थोडा कडवट. तो वास मला आठवत होता, म्हणजे असा असतो हे आठवत होतं. आठवणीत तो येत नव्हता. हे नाक नसलेल्या माणसालाच कळेल. चित्र येतं, आवाज येतो, बाबांचं खाकरणं येतं, आणि जिथे वास असायला हवा तिथे पाटी कोरी. हे इथलं लाकूड साग नव्हेच, कसलं तरी पाइन आहे. पण त्या दिवशी स्टुलावर जो क्षणभर आला तो कशाचा होता? भिंतीचा, की बल्लारशाचा, की माझ्या मनाचा? मी पुढचे कितीतरी दिवस खरवडत राहिले आणि वाट बघत राहिले, आणि वाट बघतेय हे स्वतःपासून लपवत राहिले. पुन्हा आला नाही.

भिंत पूर्ण उघडी झाली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. प्रतापने दोन शनिवार-रविवार मोडून फटींमधला सुटलेला चुना काढला आणि नवा भरला, आणि ड्रायवॉलची भाषा बंद केली. आता लाकडाला काहीतरी पाजायला हवं होतं, नाहीतर ते कोरडं पडून चिरतं. दुकानातल्या डब्यांवरच्या सूचना वाचल्या, त्यात जवसाचं तेल दिसलं, आणि मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्याकडे दिवाळीच्या आधी क्वार्टरच्या सागवानी दारांना जवसाचंच तेल लागायचं. आई जेवणातही तेच वापरायची आणि दारालाही तेच, आमच्या भागात त्यात काही वावगं नाही. आणि घरात जवसाचं तेल होतं. प्रतापची बहीण शुभा मागे आली होती तेव्हा त्याच्या कोलेस्टेरॉलसाठी घाण्याची बाटली घेऊन आली होती, चार पिशव्यांत गुंडाळून, सुटकेसमधल्या साड्यांच्या मधोमध. प्रतापने दोन दिवस चमचाभर घेतलं आणि तोंड वाकडं केलं, मग ती बाटली धान्याच्या कपाटात मागे गेली ती गेलीच. शुभाच्या हातचं वाया घालवायचं नाही, आणि घरात असताना विकत आणायचं नाही, या दोन्ही बाबतीत मी पक्की मराठी आहे. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला आणि लावायला बसले. लाकूड ते घटाघटा प्यायलं. मध ओतावा तसा रंग चढत गेला, गाठी डोळे उघडल्यासारख्या दिसायला लागल्या. संध्याकाळपर्यंत अख्खी भिंत झाली. बाटली उलटी करून शेवटचा थेंबसुद्धा मी खालच्या ओंडक्याला चोळला.

प्रताप मीटिंग संपवून खाली आला तो जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबला. मी पाहत होते त्याच्याकडे, हातभर तेलाने माखलेली, कपाळाला तेल. मग म्हणाला, “सुरेख झालीय.” मी विचारलं, वास येतोय का लाकडाचा? तो म्हणाला, “येतोय ना. छान येतोय.” मला आनंद झाला आणि त्याच्या नाकाचा थोडा हेवा वाटला. त्याने समोरची खिडकी उघडली, तेलकट फडकी घरात ठेवायची नसतात, आपोआप पेट घेतात, असं काहीतरी वाचलंय म्हणाला, आणि तो साडीचा तुकडा बाहेर कठड्यावर नेऊन पसरला. किती काळजी करतो, असं मला वाटलं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. चांगले म्हणजे असे, की मला त्यांच्यावर संशय यावा. दुपारचा चहा आम्ही भिंतीसमोर बसून प्यायला लागलो. प्रताप वरून खास खाली यायचा, नोव्हेंबरच्या गारठ्यात खिडकी उघडी टाकून, अंगात जाकीट घालून बसायचा, आणि भिंतीकडे बघत कधी चुन्याबद्दल, कधी त्या जुन्या खिडकीबद्दल बोलायचा. मी शाल घेऊन बसायची. बाहेर मेपलची शेवटची पानं गळत होती, शेजारच्या घरातला कुत्रा त्यांच्यावर भुंकत होता, आणि मला वाटायचं, बस्स, एवढं पुरे. नाक नाही तर नाही. डोळे आहेत, हात आहेत, एक माणूस आहे जो थंडीत कुडकुडत आपल्या भिंतीचं कौतुक करतो. आमच्या आईला असं समाधान कधी जाहीरपणे वाटलं नसतं. फार हसू नये, मागून रडायला लागतं, असं म्हणणारी ती. मीही तिचीच मुलगी. समाधान वाटलं की मी मागे वळून बघते कुणी येतंय का.

आणि आलंच. एका सकाळी जिना उतरत होते, अजून चहासुद्धा झाला नव्हता, आणि मधल्या पायरीवर मला वास आला. या वेळी क्षणभर नाही. आला आणि राहिला. घाण वास. फार दिवसांच्या तेलाचा, तळाशी बुरशी आलेल्या लोणच्याचा, त्यात कुठेतरी मासळी बाजार. मी कठडा धरून उभी राहिले. आधी आनंद झाला, तो नाकारत नाही, अंगावर काटा आला आनंदाचा. आणि दुसऱ्या पायरीवर तो उतरला, कारण डॉक्टरीणबाई आठवल्या. वास भिंतीकडून येत होता. जवळ गेले तर वाढला, स्वयंपाकघरात गेले तर कमी झाला. म्हणजे येत होता हे खरं. पण जिला प्रताप रोज छान म्हणतो, जिच्यासमोर बसून चहा पितो, त्या माझ्या स्वच्छ, उघड्या, सोन्यासारख्या भिंतीला हा वास? मी कॉफीचा डबा उघडून हुंगला. अगदी पुसट, लांबून कुणी हाक मारावी तसं काहीतरी आलं, ते बरं की वाईट ठरवता येईना. प्रताप उठून खाली आला. मी पाठमोरी राहूनच, आवाज अगदी साधा ठेवून विचारलं, “भिंतीला अजून वास येतो का रे?”

“येतो ना,” तो म्हणाला. “छान, लाकडाचा.”

म्हणजे माझं नाक वाकडं झालं होतं.

ते दिवस मी कसे काढले ते आता हसत सांगता येईल, तेव्हा हसू नव्हतं. थँक्सगिव्हिंग तोंडावर आलं होतं, उर्वी येणार होती, तिच्यासाठी मसालेभाताची तयारी, सामान, चादरी, हे सगळं हात करत होते. मनात एकच गोष्ट. वास परत येतोय, रोज थोडा जास्त, आणि येताना असा वाकडा येतोय. आज भिंत. उद्या फोडणी, उर्वीचे केस, आणि मग प्रताप. मला भीती त्याचीच होती. तीन वर्षं मी ज्या वासासाठी आतून तडफडले, तो माणूस एका सकाळी शेजारी कूस बदलेल आणि त्याला सडक्या तेलाचा वास येईल, आणि मला तोंड फिरवावं लागेल, आणि ते त्याला दिसेल. त्यापेक्षा काच बरी होती. काचेपलीकडचा माणूस निदान चांगला दिसतो. मी पलंगाच्या कडेला झोपायला लागले. श्वास तोंडाने घ्यायला लागले. तो जवळून गेला की मी श्वास धरायची. त्याने एकदा विचारलं, बरं नाही का, आणि मी म्हटलं, पाठ धरलीय, खरवडून. दुपारच्या चहाला तो खाली आला तर मी काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात राहिले आणि खिडकीतून कप दिला. तो एकटाच भिंतीसमोर बसला, जाकीट घालून. मला त्याच्याकडे बघून रडू येत होतं आणि त्याचं कारण त्याला सांगता येत नव्हतं.

उर्वी बुधवारी संध्याकाळी आली. प्रताप तिला स्टेशनवरून घेऊन आला. मी भाताला मसाला परतत होते, हात अडकले होते, म्हणून खिडकीतूनच तिला पाहिलं. ती दारात बूट काढत होती, पाठीवर बॅग, केस कापून घेतलेले. तिने मान वर केली, भिंतीकडे पाहिलं, “ओ वाव, आई,” म्हणाली, आणि पुढच्याच श्वासाला नाक मुरडलं.

“व्हॉट इज दॅट स्मेल?”

तिच्या मागे प्रताप उभा होता. मी खिडकीच्या आत होते, अंधाऱ्या बाजूला. मी दिसतेय असं त्याला वाटलं नसावं. त्याने उर्वीच्या दंडाला हात लावला, डोळे मोठे केले आणि मान हलवली. नको, अशी. आणि बोट ओठांवर ठेवलं. पुण्याचा माणूस. चहात साखर कमी झाली तर यजमानाला तोंडावर सांगणारा. तो दारात उभा राहून पोरीला अळीमिळी गुपचिळी करत होता. माझ्या हातातला झारा कढईत पडला.

मी बाहेर गेले. उर्वीला म्हटलं, कसला वास, नीट सांग. ती बापाकडे बघायला लागली. मी म्हटलं, त्याच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मग ती म्हणाली, “लाइक, ओल्ड ऑइल? रियली, रियली ओल्ड लोणचं. अँड समथिंग फिशी. सॉरी, आई.” तिला वाटलं मला वाईट वाटेल. मी तिला धरलं, तिच्या नव्याने कापलेल्या केसांत तोंड घातलं आणि मोठ्याने हसायला लागले. पोरगी घाबरली. बाबा, इज शी ओके, असं तिने विचारलेलं मला ऐकू आलं. मी तिला अंघोळीला पाठवलं, कारण जे पुढे बोलायचं होतं ते तिच्यासमोर बोलायचं नव्हतं.

स्वयंपाकघरात प्रताप आला तेव्हा मी मसाला उतरवला होता. त्याने न सांगता सुरी घेतली आणि कोशिंबिरीचा कांदा चिरायला लागला. अपराधी असला की तो कांदा चिरतो. मी विचारलं, “कधीपासून?”

“तेल लावलंस त्या दिवसापासून. ते खवट झालं होतं, उत्तरा. जिन्यावरच माझ्या डोक्यात गेलं.”

मग तो खालमानेने सांगत गेला. खिडकी का उघडी ठेवली, फडकं बाहेर का नेलं, एकदा मी दुकानात गेले असताना व्हिनेगरने खालचे ओंडके कसे पुसले आणि उपयोग कसा झाला नाही. नाक गेल्यापासून त्याने ठरवलंच होतं म्हणे, की कुठल्याही वासाबद्दल मला वाईट सांगायचं नाही. जे मला घेता येत नाही त्याचं निदान वाईट तरी का सांगायचं. आणि त्या संध्याकाळी मी कपाळाला तेल लावून इतकी खुशीत उभी होते. “तू गात होतीस गं,” तो म्हणाला. “तेवढ्यासाठी मी त्या वासात वर्षभर बसलो असतो.”

मला त्याचा राग आला होता आणि तो राग असा काही नव्हता की ज्यात प्रेम नाही. मी म्हटलं, “त्या सकाळी तुला विचारलं तेव्हा मला तो येत होता.”

त्याची सुरी थांबली.

“येत होता, प्रताप. तू छान म्हणालास. मला वाटलं माझं नाक वाकडं झालं. मी तुझ्या शब्दावर ठरवलं सगळं. माझ्याकडे तुझ्याशिवाय दुसरं नाक नव्हतं.”

त्याने सुरी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं असेल किंवा नसेल. माझी तीन वर्षांची गोष्ट मग माझ्या तोंडून आपोआपच बाहेर पडली, काचेची, उशीची, पलंगाच्या कडेची. माझी मलाच लाज वाटत होती, पण थांबता आलं नाही. मला तुझी भीती वाटायला लागली होती, असं मी म्हणाले. तुलाही तसाच वास येईल म्हणून. तो ऐकत उभा राहिला. त्याला लागलं, ते दिसलं. पण त्याने समजूत घातली नाही, छान म्हणाला नाही. ओट्यावरच्या फडक्याला हात पुसले, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला, डॉक्टरपुढे उभं राहावं तसा ताठ.

“बघ मग,” तो म्हणाला. “अंघोळ सकाळची आहे, ट्रॅफिकमध्ये दीड तास होतो. जे येईल ते सांग. मी पण आता खरंच सांगेन, कायम.”

मला जायचं नव्हतं. खरं सांगते, त्या दोन पावलांची मला जितकी भीती वाटली तितकी कशाची वाटली नव्हती. तो तसाच उभा राहिला, घाई न करता. मी गेले, टाचा उंचावल्या, त्याच्या मानेच्या खळगीत नाक घातलं आणि नाकानेच श्वास घेतला. आधी कांदा आला. मग गाडीच्या सीटचं कातडं. मग काही नाही, आणि मी थांबले, आणि मग त्या सगळ्याखालून, हळूहळू, घामाच्या आत दडलेला तो आला. जर्सी सिटीच्या पहिल्या थंडीत एका रजईखाली होता तो. उर्वी झाली त्या दिवशी हॉस्पिटलच्या खुर्चीवर टाकलेल्या कोटाला होता तो. कुठेच वाकडा नव्हता.

“कसा?” त्याने विचारलं. त्याचा आवाज घशातून माझ्या नाकाला लागला. “खरं सांग.”

“घामट,” मी म्हणाले, आणि तोंड काढलं नाही.